दोन तारामती

(नभोवाणीवरील भाषण)

राजा हरिश्चंद्राची कथा ठाऊक नाही असे घर महाराष्ट्रात सापडणे कठीण. राज्य गेले, वैभव गेले, आणि अखेरीस ऋषीची दक्षिणा फेडण्यासाठी राणी तारामती काशीच्या बाजारात दासी म्हणून विकली गेली. हा प्रसंग ऐकताना आपल्या आयाबायांनी डोळ्यांस पदर लावला नाही, असे क्वचितच घडले असेल. भर बाजारात उभ्या राहिलेल्या ह्या राणीला आपण पतिव्रतांच्या मालिकेत मानाने बसविले आहे. परंतु हीच तारामती लोकांपुढे रंगविण्यासाठी जेव्हा एका जिवंत स्त्रीची गरज पडली, तेव्हा आपल्या समाजाने काय उत्तर दिले आणि ते उत्तर पुढे कोणी व कसे बदलून घेतले, हे आज मला आपणांस सांगावयाचे आहे. मी नाट्यशास्त्राचा पंडित नव्हे. मॅट्रिकपर्यंत शिकलेला, रहाटणीस राहणारा एक निवृत्त शाळामास्तर आहे. तेव्हा विषय अभिनयाचा असला तरी दृष्टी संसारी माणसाची असेल, हे आधीच सांगून ठेवितो.

इ. स. १९१३ साली दादासाहेब फाळके ह्यांनी 'राजा हरिश्चंद्र' हा मूकपट पुरा केला आणि ३ मे रोजी मुंबईच्या कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये तो लोकांपुढे आला. ह्या चित्रासाठी फाळक्यांनी काय काय खटाटोप केले, ते सर्वश्रुत आहे. यंत्रे मिळाली, पैसा उभा राहिला, हरिश्चंद्र मिळाला. मिळेना ती तारामती. गृहस्थांच्या घरची स्त्री मिळणे शक्यच नव्हते. परंतु ज्यांना समाजाने आधीच वेशीबाहेर लोटले होते, त्या वस्तीतील स्त्रियाही ह्या कामास कबूल होईनात. अखेर ग्रँट रोडवरील एका खाणावळीत काम करणारे अण्णा साळुंके नावाचे तरुण फाळक्यांच्या दृष्टीस पडले, आणि हिंदुस्थानच्या पडद्यावरील पहिली तारामती एक पुरुष झाली. पुढे १९१७ च्या 'लंकादहन'मध्ये ह्याच साळुंक्यांनी राम आणि सीता अशा दोन्ही भूमिका केल्या. आज ह्या हकिगतीचे आपणांस हसू येते. परंतु हसण्याआधी क्षणभर थांबावे. ज्या राणीची आपण पूजा करतो, तिचे रूप घेणारी बाई मात्र आपल्या ओळखीची असता कामा नये, असा त्या हकिगतीचा अर्थ आहे.

ह्यात सगळा दोष पडद्याला देऊन चालणार नाही. मराठी रंगभूमीची परंपरा विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली सांगलीस सुरू केली, ती पुरुषांच्याच बळावर. स्त्रीभूमिका करणाऱ्या पुरुष नटांनी ती कला इतक्या उंचीवर नेली की, बालगंधर्वांची साडी नेसण्याची व केशरचनेची तऱ्हा सुशिक्षित घरांतील स्त्रिया उचलू लागल्या. स्त्रीने कसे दिसावे हे पुरुषाने रंगभूमीवर दाखवावे आणि स्त्रीने ते प्रेक्षागृहात बसून शिकावे, असा तो काळ. शिवाय नाटक मंडळीचे जिणे म्हणजे बिऱ्हाड पाठीवर. आज मिरज, उद्या हुबळी, परवा नागपूर. मंडळींचा मुक्काम एकत्र, जेवणावळी एकत्र. त्यात कुटुंबातील स्त्रीने जावे कसे, हा प्रश्न केवळ दांभिकपणाचा नव्हता. राहण्याजेवण्याच्या सोयीचाही होता.

तरीही स्त्रिया आल्या. 'राजा हरिश्चंद्र'च्याच साली फाळक्यांनी 'मोहिनी भस्मासुर' काढला. त्यात दुर्गाबाई कामत पार्वती झाल्या आणि त्यांची कोवळ्या वयाची कन्या कमळाबाई मोहिनी झाली. पुढे कमळाबाई गोखले ह्या नावाने प्रसिद्धीस आलेल्या बाई त्या ह्याच. ह्या मायलेकींच्या पाठीशी ना मोठे घराणे होते, ना कॉलेजचे शिक्षण. पोटाचा प्रश्न होता आणि अंगी कला होती. त्यांची आठवण मी मुद्दाम येथे करीत आहे. कारण ज्यांच्याविषयी मी आज बोलणार आहे, त्यांना 'सिनेमात आलेली पहिली कुलीन स्त्री' असे म्हणण्याची आपणांस सवय जडली आहे. आणि त्या 'कुलीन' शब्दाने आधी आलेल्यांवर नकळत अन्याय होतो.

आता दुसऱ्या तारामतीकडे वळू. दुर्गाबाई खोटे ह्यांचा जन्म १४ जानेवारी १९०५ रोजी मुंबईस झाला. माहेर लाडांचे, मूळ गोव्याकडील. शिक्षण कॅथीड्रल हायस्कुलात व पुढे सेंट झेवियर्स कॉलेजात. कॉलेजात असतानाच विवाह झाला आणि खोट्यांच्या श्रीमंत घरात त्या सून म्हणून आल्या. येथवरची कथा त्या काळच्या कोणत्याही सुखवस्तू घरातील मुलीची आहे. परंतु दैव फिरले. सासरची आर्थिक घडी विसकटली. दोन लहान मुलगे, बकुल आणि हरीन, पदरात. आणि तरुण वयातच वैधव्याचा घाव सोसावा लागला. आपल्याकडे अशा प्रसंगी बाईने काय करावे, ह्याचे उत्तर ठरलेले होते. दिराकडे राहावे, भावाकडे राहावे, आणि मिळेल तो घास मान खाली घालून गिळावा. दुर्गाबाईंना हे उत्तर मान्य झाले नाही. आपल्या मुलांचे अन्न आपल्या हातचे असावे, एवढीच त्यांची हाव होती. आणि हाती जे पहिले काम आले ते सिनेमाचे होते.

ते पहिले काम म्हणजे १९३१ चा 'फरेबी जाल'. भूमिका लहानशी. परंतु चित्र हिणकस निघाले आणि ज्या समाजात दुर्गाबाई वाढल्या होत्या, त्यात मोठा गहजब उडाला. चित्रपटवाल्यांना त्यांच्या अभिनयाची पारख होती असे नव्हे; त्यांना हवे होते ते घराण्याचे वजन. अमक्यांची मुलगी, तमक्यांची सून पडद्यावर आली आहे, हेच त्या मालाचे आकर्षण. येथे माझा मुख्य मुद्दा सांगून टाकतो. घराण्याचे नाव ही उसनी चीज आहे. ते दुकानाच्या पाटीवर लावता येते, परंतु त्यावर दुकान चालत नाही. पहिल्याच चित्रात दुर्गाबाईंना ह्याचा अनुभव आला. नावामुळे काम मिळाले आणि नावामुळेच बदनामी दुप्पट झाली. त्यानंतर जी पन्नास वर्षे त्या उभ्या राहिल्या, ती उसन्या नावावर नव्हे, केलेल्या कामावर.

कोल्हापुरास १ जून १९२९ रोजी प्रभात फिल्म कंपनी स्थापन झाली होती. बोलपट आला तेव्हा व्ही. शांताराम ह्यांनी पहिल्या मराठी बोलपटासाठी हरिश्चंद्राचीच कथा निवडली आणि तारामतीसाठी दुर्गाबाईंना बोलावले. 'अयोध्येचा राजा' १९३२ साली मराठी व हिंदी अशा दोन्ही भाषांत निघाला. हरिश्चंद्राची भूमिका आणि संगीत, दोन्ही गोविंदराव टेंबे ह्यांचे. एकोणीस वर्षांपूर्वी जी राणी कोणी स्त्री करावयास तयार नव्हती, ती आता सत्तावीस वर्षांची, दोन मुलांची आई असलेली, इंग्रजी शिकलेली एक स्त्री करीत होती.

त्या कामाची जात आज ध्यानी येणे कठीण. आज गाणे एक जण गातो आणि ओठ दुसरा हलवितो. ही सोय आपल्याकडे १९३५ मध्ये कलकत्त्याच्या न्यू थिएटर्सने प्रचारात आणली. तोवर नटाने कॅमेऱ्यासमोर उभे राहूनच बोलावयाचे आणि गावयाचे. वाजविणारे चौकटीच्या बाहेर दडून बसलेले, ध्वनिग्राहक यंत्र डोक्यावर टांगलेले किंवा कोठे आडोशाला ठेवलेले, आणि त्याच्या टप्प्यातून आवाज सुटला की सारे पुन्हा पहिल्यापासून. मराठीत एकदा आणि हिंदीत एकदा, अशी प्रत्येक प्रसंगाची दोनदा मेहनत. घराणे कितीही मोठे असले तरी त्या यंत्राला ते ऐकू जात नाही. त्याला ऐकू जातो तो स्पष्ट उच्चार आणि न डगमगणारा सूर.

'अयोध्येचा राजा' लोकांनी डोक्यावर घेतला आणि ज्यांनी नावे ठेविली होती तेच तिकिटाच्या रांगेत उभे राहिले. त्याच वर्षी प्रभातच्या 'माया मच्छिंद्र'मध्ये दुर्गाबाई स्त्रीराज्याची राणी किलोतला झाल्या. तारामतीच्या डोळ्यांतले पाणी आटले न आटले तोच हाताशी चित्ता घेऊन बसलेली सम्राज्ञी! सोशीक पतिव्रता म्हणून कौतुक झालेल्या नटीने पुढच्याच पावलास पुरुषांवर हुकूम चालविणारी राणी व्हावे, ह्यात मोठे धाडस होते. एकदा एका साच्यात बसलेली अभिनेत्री जन्मभर त्यातच राहते, हा धोका त्यांनी पहिल्याच वर्षी ओळखलेला दिसतो.

दुसरी गोष्ट व्यवहाराची आहे, परंतु मला ती अभिनयाइतकीच महत्त्वाची वाटते. त्या काळी नटनट्या कंपनीच्या मासिक पगारावर असत. पगार नियमित, पण माणूस बांधलेला; भूमिका मालक देईल ती. दुर्गाबाईंनी प्रभातशी स्नेह राखूनही हे बंधन स्वीकारले नाही. १९३३ साली कलकत्त्यास न्यू थिएटर्सच्या 'राजरानी मीरा'त देवकी बोस ह्यांच्या दिग्दर्शनाखाली त्यांनी काम केले. पुढल्या वर्षी बोस ह्यांनीच ईस्ट इंडिया फिल्म कंपनीसाठी काढलेल्या 'सीता' चित्रपटात त्या सीता व पृथ्वीराज कपूर राम झाले, आणि ते चित्र इटलीत व्हेनिसच्या महोत्सवात दाखविले गेले. मुंबई, कोल्हापूर, पुणे, कलकत्ता, जेथे चांगले काम तेथे स्वतःच्या अटींवर जावयाचे, अशी स्वतंत्र व्यावसायिकाची रीत त्यांनी घातली. नोकरी सोडून स्वतंत्र वकिली करणाऱ्या पुरुषाचे आपण कौतुक करतो. येथे तर ही जोखीम दोन मुलांची जबाबदारी असलेल्या बाईने घेतली होती. पुढे त्यांनी चित्रनिर्मितीतही पाऊल टाकले. 'सवंगडी', हिंदीत 'साथी', हे चित्र त्यांच्याच खटपटीचे फळ.

प्रभात कंपनी १९३३ मध्ये कोल्हापुराहून पुण्यास आली. लॉ कॉलेज रस्त्यावर जेथे १९६० साली फिल्म इन्स्टिट्यूट स्थापन झाली, ती जागा प्रभातचीच. तेथे १९३६ साली 'अमरज्योती' निर्माण झाला. त्यातील दुर्गाबाईंची सौदामिनी म्हणजे दरबाराने जिचा आपल्या मुलावरील हक्क नाकारला, आणि म्हणून जी समुद्रावरील लुटारूंची नायिका होऊन साऱ्या व्यवस्थेवर उलटली, अशी स्त्री. बायकांच्या न्यायाविषयीची व्याख्याने त्या काळी पुष्कळ होत. परंतु आई म्हणून आपल्यास कायद्यात जागा नाही, हे ऐकून पेटून उठलेली बाई हजारो प्रेक्षकांनी पडद्यावर पाहावी, ह्याचा परिणाम व्याख्यानाहून निराळा. हेही चित्र व्हेनिसपर्यंत पोहोचले.

आता कोणत्याही अभिनेत्रीच्या आयुष्यातील अवघड वळणाकडे येऊ. नायिकेचे वय सरते तेव्हा काय? पुरुष नट पन्नाशीतही नायक राहू शकतो. बाईला पस्तिशी उलटली की दार बंद होते. पुष्कळ गुणी स्त्रिया ह्या दारापाशी अडून बसल्या आणि विस्मृतीत गेल्या. दुर्गाबाईंनी दार बंद होण्याची वाट पाहिली नाही. १९४१ साली आचार्य अत्र्यांच्या 'पायाची दासी'मध्ये, म्हणजे हिंदीतील 'चरणों की दासी'मध्ये, त्या सुनेला छळणारी खाष्ट सासू झाल्या. सून झाल्या वनमालाबाई. वय छत्तीस. पुढच्याच वर्षी विजय भट्ट ह्यांच्या 'भरत मिलाप'मध्ये त्या कैकेयी झाल्या. ज्यांनी आठ वर्षांपूर्वी सीता रंगविली होती, त्यांनी आता सीतेला वनवासास धाडणारी राणी रंगवावी, ह्यास मोठा आत्मविश्वास लागतो. ह्या दोन्ही भूमिकांसाठी बंगालमधील चित्रपट पत्रकारांच्या संघटनेने त्यांना पारितोषिके दिली. प्रेक्षकांनी आपल्याला चांगली बाई म्हणावे ही अपेक्षा सोडून, प्रेक्षकांनी आपले काम चांगले म्हणावे एवढीच अपेक्षा त्यांनी ठेविली. मला तर कुलीनपणाचा खरा त्याग येथे दिसतो.

रंगभूमीवर त्या आल्या त्या पडद्यावर नाव झाल्यानंतर. सामान्यतः हा क्रम उलट असतो. अमेरिकेतील हेलन हेज ह्या विख्यात अभिनेत्रीचे उदाहरण घ्या. १९०० साली जन्मलेल्या ह्या बाई बालपणापासून रंगभूमीवर वाढल्या, आणि तेथे कीर्ती मिळविल्यानंतर बोलपटात गेल्या. 'अयोध्येचा राजा' झळकला त्याच १९३२ साली त्यांना ऑस्कर पारितोषिक मिळाले. पुढे रंगभूमीवर 'व्हिक्टोरिया रेजिना' ह्या नाटकात त्यांनी तरुण राणीपासून वृद्ध राणीपर्यंतचे सारे आयुष्य एकाच प्रयोगात उभे केले, आणि दुसरे ऑस्कर मिळाले ते १९७१ साली, सत्तरीत, म्हाताऱ्या बाईच्या भूमिकेसाठी. दोघींची वाट निराळी, पण पुढचे वय संकट न मानता त्याची भूमिका करून घेण्याची हातोटी एकच. मात्र एक अंतर ध्यानात ठेवावे. हेलनबाईंच्या देशात स्त्रीभूमिका स्त्रियांनीच करावयाच्या हा प्रघात कधीच रुळलेला होता. आपल्याकडे 'नाट्यमन्वंतर' मंडळींनी 'आंधळ्यांची शाळा' ह्या नाटकात ज्योत्स्नाबाई भोळे व पद्माबाई वर्तक ह्यांना रंगभूमीवर आणले ते १९३३ साली. म्हणजे दुर्गाबाईंना रंगभूमीचा वारसा मिळाला नाही. तो घडविण्यास हातभार लावावा लागला.

मुंबई मराठी साहित्य संघाच्या नाट्यप्रयोगांतून त्यांनी हे काम मनोभावे केले. खाडिलकरांचे 'भाऊबंदकी' १९०९ साली रंगभूमीवर आले तेव्हा त्यातील आनंदीबाई पुरुषानेच करावयाची होती. साहित्य संघाच्या प्रयोगात ती दुर्गाबाईंनी केली. राज्याच्या लोभाने पेटलेली, नवऱ्याच्या दुबळेपणावर चिडलेली, आणि तरीही बाई म्हणून पदोपदी अडलेली आनंदीबाई एखाद्या स्त्रीच्या कंठातून येते तेव्हा तिचा अर्थच पालटतो. शिरवाडकरांच्या 'वैजयंती' आणि 'कौंतेय' ह्या नाटकांतही त्या होत्या. आणि १९५४ साली शिरवाडकरांनीच शेक्सपिअरच्या 'मॅकबेथ'वरून रचलेल्या 'राजमुकुट'मध्ये त्यांनी मॅकबेथच्या पत्नीची भूमिका केली. नानासाहेब फाटकांसारख्या दणदणीत आवाजाच्या नटांच्या पिढीत उभे राहून, शेवटच्या रांगेपर्यंत आपला शब्द पोहोचविणे हे पडद्यावरील नटीस सोपे नसते. कॅमेरा चेहऱ्याजवळ येतो. रंगभूमीवर नटाला स्वतःच प्रेक्षकाजवळ जावे लागते. संगीत नाटक अकादमीने १९५८ साली त्यांचा गौरव केला, तो ह्या साऱ्या साधनेचा.

पडद्यावर ह्या काळात त्या आई झाल्या होत्या. १९६० च्या 'मुघल-ए-आझम'मध्ये अकबर झाले पृथ्वीराज कपूर आणि जोधाबाई झाल्या दुर्गाबाई. सव्वीस वर्षांपूर्वीचे राम आणि सीता! पती बादशहा, मुलगा बंडखोर, आणि दोघांच्या मध्ये उभी असलेली आई. शब्द मोजके, पण चेहऱ्यावर साऱ्या साम्राज्याचा भार. १९७३ च्या 'बॉबी'त त्या मिसेस ब्रगांझा नावाच्या ख्रिस्ती आजी झाल्या. आणि ज्या पिढीने तारामतीचे नावही ऐकले नव्हते, त्या पिढीला ही आजी आपलीशी वाटली. पुढल्याच वर्षीच्या 'बिदाई'तील आईसाठी त्यांना फिल्मफेअर पारितोषिक मिळाले, तेव्हा त्या सत्तरीच्या उंबरठ्यावर होत्या. इतक्यावर थांबल्या असे नव्हे. लघुपट आणि जाहिरातपट काढण्याचा उद्योग त्यांनी उभारला होता. त्यातूनच दूरदर्शनवर १९८८ साली 'वागळे की दुनिया' ही मालिका आली. साध्या मध्यमवर्गीय कारकुनाच्या त्या गोष्टी आपणांपैकी पुष्कळांनी कुटुंबासह पाहिल्या असतील. त्या संस्थेला ज्यांचे नाव होते, त्या बाई तेव्हा त्र्याऐंशी वर्षांच्या होत्या.

घरातील एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. ज्या खोटे घराण्याची सून सिनेमात गेली म्हणून १९३१ साली लोकांनी बोटे मोडली, त्याच घराण्यात पुढे दुसरी सून आली. हरीन ह्यांच्या पत्नी विजयाबाई. हरीन अकाली गेले. ह्याच विजयाबाई पुढे विजया मेहता ह्या नावाने मराठी रंगभूमीच्या थोर दिग्दर्शिका म्हणून गाजल्या. 'रंगायन' संस्थेच्या उभारणीत त्या अग्रभागी होत्या. पहिल्या सुनेला चोरट्यासारखे उंबरठ्याबाहेर पडावे लागले. दुसरी सून रंगभूमीचे वळण ठरविणारी म्हणून मानली गेली. दोहोंमध्ये जेमतेम एका पिढीचे अंतर. कायद्याने हे झाले नाही, चळवळीनेही नव्हे. रोज वेळेवर कामावर जाणाऱ्या एका बाईने ते घडविले.

श्रोतेहो, हे सारे जुने झाले, आता कोण मुलींना अडवितो, असे आपण म्हणाल. मी रहाटणीचा. पवनेच्या काठचे हे आमचे गाव एके काळी शेतीवाडीचे होते. आता उंच इमारतींचे झाले आहे. पहाटे आणि रात्री येथून चाकणच्या कारखान्यांकडे कंपन्यांच्या बसगाड्या जातात, त्यांत मुली असतात. पाळी संपवून मध्यरात्री परतणाऱ्या मुलीकडे खिडकीआडून पाहणारे डोळे मात्र आजही १९३१ चेच आहेत. माझ्या नोकरीच्या काळात एका शाळेत स्नेहसंमेलनासाठी जिजाऊंचा प्रवेश बसविला होता. वर्गातील एका मुलीचे पाठांतर आणि उच्चार सर्वांत स्वच्छ होते. तिचे वडील येऊन सांगून गेले की, मास्तर, पोरीला स्टेजवर उभी करू नका, उद्या तिचे लग्न करावयाचे आहे. अखेर एका मुलाला नऊवारी नेसविले आणि तो जिजाऊ झाला. प्रयोगाच्या वेळी तो अडखळला की विंगेतून अचूक शब्द पुरविणारी ती मुलगीच होती. सारे नाटक तिला मुखोद्गत होते. फाळक्यांच्या तारामतीनंतर सत्तर वर्षे लोटली होती, आणि पडद्याआडचा तो आवाज तेव्हाही पडद्याआडच होता.

आपली मुलगी नाटकात किंवा चित्रपटात घालाच, असे माझे सांगणे नाही. तो धंदा कष्टाचा आहे, अनिश्चित आहे, आणि त्यात फसवणूक होत नाही असे म्हणणे खोटेपणाचे होईल. परंतु मुलीने तो मार्ग धरू म्हटले तर घरातील वडीलधाऱ्यांनी कोणते प्रश्न विचारावे, एवढे तरी दुर्गाबाईंच्या चरित्रावरून ठरविता येते. 'लोक काय म्हणतील' हा प्रश्न निरुपयोगी, कारण लोक आधी नावे ठेवितात आणि मग तिकीट काढतात. करार लेखी आहे काय, मोबदला ठरला आहे काय, कामाचे तास किती, रात्री घरी परतण्याची सोय काय, २०१३ च्या कायद्याप्रमाणे कामाच्या ठिकाणी स्त्रियांच्या तक्रारीसाठी समिती आहे काय, हे विचारावे. हेच प्रश्न कारखान्यात जाणाऱ्या मुलीसाठीही आहेत आणि कचेरीत जाणाऱ्या मुलीसाठीही. आणि शेवटचा प्रश्न मुलीलाच विचारावा : तुझी तयारी किती? कारण त्या धंद्यात बापाचे नाव पहिल्या दिवशी उपयोगी पडते. दुसऱ्या दिवसापासून स्वतःचे काम.

दुर्गाबाईंना १९६८ साली पद्मश्री मिळाली. 'मी, दुर्गा खोटे' हे आत्मचरित्र त्यांनी मराठीतच लिहिले. शांता गोखले ह्यांनी ते पुढे इंग्रजीत नेले. २२ सप्टेंबर १९९१ रोजी त्यांचे देहावसान झाले. परंतु ह्या सर्व मानसन्मानांत मला जो सर्वांत अर्थपूर्ण वाटतो, तो १९८३ सालचा. चित्रपटक्षेत्रातील सर्वोच्च असा तो राष्ट्रीय पुरस्कार. त्याला नाव आहे दादासाहेब फाळक्यांचे. सत्तर वर्षांपूर्वी जो माणूस साऱ्या मुंबईत तारामती शोधीत फिरला आणि हात हलवीत परतला, त्याच्या नावाचे पदक एका तारामतीच्या हाती आले. फाळक्यांच्या प्रश्नाचे उत्तर मिळाले, ते थोडे उशिरा. आणि ते उत्तर देण्यासाठी दुर्गाबाई कामत, कमळाबाई, दुर्गाबाई खोटे आणि ज्यांची नावेही आपण विसरलो अशा कितीतरी स्त्रियांना आपला लौकिक पणाला लावावा लागला. त्या साऱ्यांना आपण कुलीन म्हणू या, कारण कष्टाच्या भाकरीइतके मोठे कुळ दुसरे नाही.